बाई, आमचं मत नेमकं कुठलं?

गेल्या अंकात मी दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघावर चार पानं लिहिली होती. सांगायचं होतं ते एवढंच, की इथं माणसाचं मत जातीधर्माइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच, त्याच्या खोलीवरून ठरतं. खोली कुठली, पागडी (एकरकमी पैसे मोजून घेतलेला जुना भाडेहक्क) कुणाच्या नावावर, इमारत कधी पडणार आणि पडल्यावर आपण कुठे जाणार, यावरून. त्यावर बरीच पत्रं आली. दोघांनी शिव्या घातल्या आहेत, त्या पोचल्या. बाकीच्यांतले सहा प्रश्न निवडले आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी पालिकेच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलं. १९८४ पासून निवडणुकीची ड्युटी चुकली नाही, आणि शेवटची सहा वर्षं बी.एल.ओ. (मतदारयादी घरोघर जाऊन तपासणारी केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयादी काखेत धरून भायखळा-आग्रीपाड्याचे जिने चढले. गुडघे त्यातच गेले.

गिरगावात आमची पागडीची खोली आहे. आई गेल्यापासून कुलूपच आहे. आम्ही चौघं डोंबिवलीत राहतो, पण नावं अजून गिरगावच्या यादीत. दर निवडणुकीला जाऊन मत देतो. पुतण्या म्हणतो, हे बेकायदा आहे. खरं काय?
— सु. क., डोंबिवली (पूर्व)

पुतण्या बरोबर बोलतोय. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'सर्वसाधारण रहिवासी' असा शब्द आहे. नाव तिथं हवं जिथं तुम्ही राहता. केवळ घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, हे त्याच कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय. कुलपाला मत नसतं. नमुना ८ भरा, ऑनलाइनही भरता येतो, नाव डोंबिवलीला जाईल. मात्र इथलं तसंच ठेवून तिकडं नवं नाव घालायच्या फंदात पडू नका. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्यानं मनाई आहे, आणि खोटं निवेदन केलं तर शिक्षा आहे.

हे झालं कायद्याचं. आता माझ्या यादीतलं एक पान सांगते. आग्रीपाड्याच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या एका खोलीवर अकरा नावं होती. दार उघडलं ते एकट्या आजींनी. मी एकेक नाव वाचत गेले आणि त्या स्टेशनं सांगत गेल्या. नालासोपारा, नालासोपारा, बदलापूर, विरार, हा वारला, ही लग्न होऊन चिपळूणला. मी वारलेल्याचं आणि लग्न झालेलीचं नाव कमी करायचा नमुना ७ काढला तशी आजींनी माझा हात धरला. "बाई, बिल्डर आला आणि यादीत नाव नसलं तर?" म्हणे. मेलेल्या मुलाचं नाव यादीत राहिलं तर खोली शाबूत राहील, असा तो हिशेब होता.

तुमच्याही पोटात तीच भीती आहे ना? पत्रात लिहिली नाहीत, पण अक्षरात दिसते. झोपडपट्टीत पात्रता ठरवताना जुनी मतदारयादी पुरावा म्हणून चालते, तिथून हा समज चाळीत आला. मतदारयादी म्हणजे जणू भाडेपावतीची धाकटी बहीण! पागडीच्या खोलीचा हक्क भाडेपावतीवर उभा असतो. आई गेल्यावर पावती कुणाच्या नावानं फाडली जातेय ते आधी बघा. ते केलं नसेल तर यादीतली चार काय, चाळीस नावंही कामाला येणार नाहीत.

एक कबूल करते. मतदानाच्या दिवशी विरार-डोंबिवलीहून डबे घेऊन आलेली माणसं चाळीच्या गॅलरीत बसून जेवताना पाहिली, की नमुना ७ बाहेर काढायला माझाही हात धजावत नसे. वर्षातून गणपतीला आणि पाच वर्षांनी मताला, एवढंच त्यांचं गिरगाव उरलेलं असतं.

आम्ही राज्यशास्त्राचे विद्यार्थी आहोत. मुंबईच्या ऐन जुन्या वस्तीतला मतदारसंघ, तरी इथून फर्नांडिस, राजदा, देवरा, मेहता निवडून आले. मग मराठी माणूस काय करत होता? आणि २०१४ पासून असं काय बदललं?
— अ. ज. आणि मित्र, पुणे

मराठी माणूस शेजारच्या मतदारसंघात मत देत होता. खरंच. नकाशा काढा.

२००८ पर्यंत दक्षिण मुंबई म्हणजे कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाउस आणि मलबार हिल. बाजारपेठ, बंदर, कचेऱ्या, गुजराती-मारवाडी पेढ्या, पारशी बागा, डोंगरीचे मोहल्ले आणि मधोमध गिरगावच्या चाळी. गिरणगाव यात नव्हतंच. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, चिंचपोकळी हा पट्टा होता 'दक्षिण मध्य'मध्ये. तुम्ही ज्या मराठी मताला शोधताय ते तिथं होतं.

आधी दक्षिणेचं सांगते. १९६७ साली मी आठ वर्षांची होते. माझे मामा ठाकूरद्वारला राहायचे. स. का. पाटील तेव्हा केंद्रात रेल्वेमंत्री, मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा, सलग तीनदा निवडून आलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन भरात, १९५७ सालीसुद्धा ते इथून पडले नव्हते. त्यांच्यासमोर उभा राहिला कामगारांच्या संघटना बांधणारा, मंगळुरूहून आलेला जॉर्ज फर्नांडिस. 'तुम्ही पाटलांना पाडू शकता' अशा अर्थाची पत्रकं भिंतींवर लागली होती. मामांनी मत कुणाला दिलं ते मामींनाही सांगितलं नाही, पण निकालाच्या दिवशी घरी जिलब्या आल्या. पाटील सिंधुदुर्गातले, तेही मराठीच. त्यांना पाडणाऱ्यांत मराठी माणूस होता आणि निवडून दिला तो एक ख्रिस्ती मंगळुरी. तेव्हा 'मराठी माणसानं मराठीलाच मत द्यावं' हे सूत्र इथं नेहमी चाललं असं समजू नका. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून पाटील काय बोलले होते, ते गिरगावच्या लक्षात होतं.

पुढे १९७७ आणि १९८० ला रतनसिंह राजदा, मग मुरली देवरा आणि जयवंतीबेन मेहता यांचा आलटून पालटून खेळ, २००४ ला मिलिंद देवरा. तो भाग मी भरभर उरकते, कारण मला त्यात रस नाही.

मला रस आहे तो शेजारच्या दक्षिण मध्यमध्ये, कारण ते आमचं घर. वडील गिरणीत साचेखात्यात होते, आम्ही काळाचौकीला राहायचो. १९६७ ला आमच्या भागातून कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले. वडिलांचं मत लाल बावट्याला. तीनच वर्षांनी, १९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. आमच्याच चाळीत एका गॅलरीत लाल आणि एका गॅलरीत भगवा, मधून धुणं वाळत घातलेलं. १८ जानेवारी १९८२ ला कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. वडील पुन्हा कामावर गेलेच नाहीत.

डिसेंबर १९८४ ला माझी पहिली ड्युटी, बोटाला शाई लावायची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची निवडणूक, देशभर हाताच्या पंजाची लाट. माझ्यासमोर दिवसभर गिरणी कामगारांची बोटं येत होती. कापसानं आणि साच्यानं सोलवटलेली बोटं मला ओळखू यायची, पण संपाला तीन वर्षं होत आली होती, कातडी पुन्हा गुळगुळीत झाली होती. ते पाहून मला कसंतरीच झालं. त्या लाटेत आमच्या भागानं संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. संप हरला होता, तरी माणसं संपाला मत देऊन गेली. वडिलांचंही मत त्यांनाच. आणि १९९१ ला? शिवसेनेच्या मोहन रावल्यांना. रावले तिथून सलग पाच वेळा खासदार झाले.

डांगे, सामंत, रावले. एकच माणूस, एकच खोली, तीन झेंडे. वडिलांना मी एकदा विचारलं होतं की तुम्ही विचार बदललात का? ते म्हणाले, "मी कुठं बदललो? कामाला लावणारा मिळाला नाही, मग निदान अंगावर आलं तर धावून येणारा बघितला." सेनेच्या शाखेत रेशनकार्डाचं काम व्हायचं, दवाखान्यात खाट मिळायची. युनियनचं कार्यालय जे करायचं ते शाखा करू लागली. विद्यापीठात याला काय म्हणतात ते तुम्हालाच ठाऊक.

आता २००८. मुंबई शहर जिल्ह्यात विधानसभेच्या सतरा जागा होत्या, त्या दहा झाल्या, कारण माणसं उपनगरात गेली. २००१ च्या जनगणनेत शहरात ३३ लाख ३८ हजार लोक होते, २०११ ला ३० लाख ८५ हजार. मुंबई वाढतेय म्हणतात ती आमच्याकडे नाही वाढत. या काटछाटीत जुनं दक्षिण आणि बरंचसं जुनं दक्षिण मध्य एकाच भांड्यात ओतलं गेलं. आजचे सहा भाग असे: वरळी, शिवडी, भायखळा, मलबार हिल, मुंबादेवी, कुलाबा. म्हणून २००९ ला दोन विद्यमान खासदार, देवरा आणि रावले, एकाच जागेसाठी भिडले. मधे मनसेचे बाळा नांदगावकर. देवरा लाखाहून जास्त मतांनी आले, पण नांदगावकर आणि रावल्यांच्या मतांची बेरीज देवरांपेक्षा तीस हजारांनी जास्त होती. गिरणगाव दाखल झालं होतं, फक्त दोन तुकड्यांत. २०१४ ला शिवसेनेचे अरविंद सावंत आले ते मोदी लाटेत, हे खरंच. पण लाट पोचायला खाली जमीन होती ती ही.

शिवाजी पार्क दक्षिण मुंबईत येतं की नाही? आमच्या घरात यावरून पैज आहे.
— व. दे., नाशिक

नाही. ते माहीम विधानसभेत, म्हणजे दक्षिण मध्य लोकसभेत. धारावीही तिकडेच. पैजेतलं अर्धं मला पाठवा.

नागपाडा-मदनपुऱ्याचं मत म्हणजे 'गठ्ठा' असं टीव्हीवर उठता-बसता म्हणतात. आम्ही तीन पिढ्या इथं आहोत, मूळ रत्नागिरीचे, घरात कोकणी-मराठी बोलतो. आम्हाला कुणी गठ्ठ्यात बांधलं?
— एक वाचक, नागपाडा

चिडून लिहिलंय, आणि बरोबर चिडलात.

तुमच्या भायखळा विधानसभेचाच हिशेब घेऊ. २००९ ला काँग्रेसचे मधू चव्हाण. २०१४ ला एमआयएमचे वारिस पठाण, जेमतेम तेराशे-चौदाशे मतांनी, कारण मतं पाचसहा जणांत फुटली होती. २०१९ ला शिवसेनेच्या यामिनी जाधव. २०२४ च्या लोकसभेला त्याच यामिनीताई शिंद्यांच्या शिवसेनेकडून उभ्या होत्या आणि स्वतः आमदार असलेल्या भायखळ्यातच सेहेचाळीस हजारांनी मागे पडल्या. त्याच वर्षी विधानसभेला ठाकरेंच्या शिवसेनेचे मनोज जामसुतकर. पंधरा वर्षांत तीन वेळा घर बदललेल्या मताला गठ्ठा म्हणायचं असेल तर गाठ फार सैल आहे.

बाहेरच्यांना आतलं दिसत नाही. मदनपुऱ्यात उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी विणकर, भेंडीबाजारात बोहरी, शिवाय मेमन, आणि तुमच्यासारखे कोकणी. भाषा वेगळी, धंदा वेगळा, सोयरीक जमवताना तर विचारूच नका. यादी घेऊन फिरताना एका मजल्यावर मला 'भाभीजी' म्हणत आणि वरच्या मजल्यावर 'बाय, बस, च्याय घे' म्हणत.

२०२४ ला हे सगळे एका बाजूला झुकले, हेही खोटं नाही. मुंबादेवीत ठाकरेंच्या शिवसेनेच्या सावंतांना चाळीस हजारांची आघाडी मिळाली. १९९२-९३ च्या दंगलीचे दिवस ज्यांनी दाराला कपाट लावून काढले, त्यांनी ठाकरेंच्या मशालीला मत दिलं. मला हे पचवायला वेळ लागला, त्यांनाही लागला असेल. पण त्याच दिवशी मलबार हिलनं यामिनी जाधवांना अठ्ठेचाळीस हजारांची आघाडी दिली, सहा भागांतली सगळ्यांत मोठी. त्या मलबार हिलमधून मंगलप्रभात लोढा १९९५ पासून सलग सात वेळा आमदार आहेत. तिथल्या मताला टीव्हीवर कुणी गठ्ठा म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथं त्याला 'पारंपरिक मतदार' म्हणतात.

सावंत निवडून आले ते ५२,६७३ मतांनी. वरळीत आघाडी फक्त ६,७१५, शिवडीत सतरा हजारांच्या आत. बाकी बेरीज-वजाबाकी तुम्ही करा.

वरळी बीडीडी चाळीच्या नव्या इमारतींत लोक राहायला गेले. आता तिथलं राजकारण बदलेल का?
— म. पा., ना. म. जोशी मार्ग

तुम्ही स्वतः ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडीतले दिसता, म्हणजे नव्या घराची वाट पाहणारे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या साडेपाचशेवर कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० मध्ये.

माझा एक विद्यार्थी तिथं गेला, त्यानं जेवायला बोलावलं होतं. घर देखणं आहे. त्याची आई मात्र दार उघडं ठेवून त्यासमोरच खुर्ची टाकून बसली होती. "कोण येतं-जातं ते बघायची सवय," म्हणाली, आणि तासाभरात एकदा लिफ्ट वाजली. चाळीत प्रचार गॅलरीत व्हायचा. कार्यकर्ता एका टोकाला शिरला की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वीस घरं व्हायची, चार ठिकाणी चहा, दोन ठिकाणी भांडण, आणि कोण नाराज आहे ते त्याला चपलांवरून कळायचं. टॉवरमध्ये खाली नोंदवहीत सही करा, इंटरकॉमवर विचारा. मतं लगेच बदलतील असं मला वाटत नाही, पण मागणारा बदलेल. आणि दहा वर्षांनी देखभालीचा महिना किती, लिफ्ट कोण दुरुस्त करणार, यावर तिथली निवडणूक होईल. त्यातली काही घरं तोवर विकली गेली असतील. विकणारे कुठे जातील ते स्टेशनांच्या यादीत वर लिहिलंच आहे.

मी मलबार हिलला एका घरी स्वयंपाकाला आहे. अठरा वर्षं तिथंच गॅरेजमागच्या खोलीत राहते. शेठाणी पत्त्याच्या कागदावर सही देत नाही. गावच्या यादीतलं नाव सासऱ्यांनी कमी करून टाकलं. माझं मत कुठं? (हे पत्र मुलीनं लिहिलंय.)
— एक बहीण, मुंबई

तुमचं मत मलबार हिलचं. शेठाणीच्या मताइतकंच, तसूभर कमी नाही. वर दिलेल्या कलमानुसार अठरा वर्षं तुम्ही जिथं झोपता-उठता तिथल्या तुम्ही रहिवासी. मुलीला सांगा, नवं नाव घालायचा नमुना ६ भर. तुमच्या नावावर गॅस, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, आधार यांपैकी त्या पत्त्याचं काही असेल तर ते जोड. काहीच नसेल तर अर्ज तसाच दे आणि बी.एल.ओ.ला येऊन बघायला सांग. शेठाणीची सही कायद्यानं लागत नाही. त्यांना भीती वाटते ती खोलीवर हक्क सांगाल याची, आणि वर डोंबिवलीकरांना सांगितलं तेच इथंही: यादीतल्या नावानं खोली मिळत नाही आणि जातही नाही. हवं तर हे पान त्यांना वाचून दाखवा.

बी.एल.ओ. टाळाटाळ करील, म्हणून एक सांगून ठेवते. ज्याला घरच नाही, पदपथावर झोपतो, त्याच्याकडून पत्त्याचा कागद मागायचा नसतो. बी.एल.ओ.नं रात्री जाऊन तो तिथं झोपतो का हे बघायचं असतं, एकदा नव्हे, एकाहून जास्त रात्री. मी गेलेय. जे. जे. रुग्णालयाच्या बाजूला एका हमालानं अर्ज दिला होता, पत्त्याच्या जागी 'तिसऱ्या खांबाजवळ' असं लिहून. रात्री अकरा वाजता मी आणि माझे यजमान टॉर्च घेऊन निघालो. पहिल्या रात्री तो होता. दुसऱ्या रात्री खांबाजवळ नुसती गोधडी. यजमान म्हणाले, चल, नाही दिसत. आम्ही वळलो तोच समोरून तो पळत आला, हातात पाव आणि कागदात भजी. धापा टाकत म्हणाला, "मॅडम, लिहू नका नाही म्हणून. जेवण आणायला गेलतो."

मी तिथंच त्याच्या गोधडीवर यादी ठेवून बरोबरची खूण केली. भजी थंड झाली होती, तरी दोन खावी लागली.